पेटीतल्या रेतीतून जड तेल: विजेच्या चाचणीची सविस्तर कृती

नागपूर जिल्ह्याच्या पोटात कोळसा आहे, मँगनीज आहे. कच्चे तेल नाही. तरीही इथून रसायन अभियांत्रिकी शिकलेली मुले मेहसाण्याला, बाडमेरला नोकरीला जातात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी "विजेने जड तेल काढणे" हा विषय हौसेने घेतात. विषय चांगला आहे, अडते ते हाताने करून पाहण्यापाशी. अहवालात आलेख असतात, पण पेटी कुणी भरलेली नसते. दोन लिटरच्या पेटीत, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, ४८ व्होल्टवर करता येईल अशी चाचणी इथे पायरीपायरीने मांडतो आहे. घरी, गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये ही करायची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वीज नेमके काय करते

जड तेल म्हणजे ढोबळमानाने एपीआय घनता २२ अंशांच्या खाली असलेले तेल (या मापात आकडा जितका कमी, तितके तेल जड). खडकात ते भरपूर असते, पण दाट असल्याने हलत नाही. तापवले की भराभर पातळ होते. जगभर या कामासाठी मुख्यतः वाफ वापरतात. गुजरातेत मेहसाण्याजवळच्या बलोल आणि सांथल क्षेत्रांत ओएनजीसीने तेलाचाच काही भाग जमिनीखाली हवेने पेटवून उष्णता मिळवली. वीज हा तिसरा रस्ता आणि तोही नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये क्वार्नटॉर्प इथे अभियंते लियुंगस्ट्रॉम यांनी तेलशेलचा खडक जमिनीतच विजेच्या हीटरने तापवून तेल मिळवले होते. आपल्याकडेही वीज तेलाच्या कामाला जुंपलेली आहे: बाडमेरच्या मंगला क्षेत्रातले तेल मेणचट असल्याने तिथून गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारी सुमारे ६७० किलोमीटरची वाहिनी विजेने उबदार ठेवावी लागते.

विजेने खडक तापवायच्या पद्धती अनेक आहेत. विहिरीत हीटर सोडणे ही सर्वांत सरळ. प्रवर्तनाने नळी तापवणे आणि रेडिओ लहरी किंवा मायक्रोवेव्ह सोडणे हे आणखी दोन प्रकार. आपण घेणार आहोत तो चौथा: दोन इलेक्ट्रोडमधून खडकातूनच प्रवाह न्यायचा आणि खडकाच्या स्वतःच्या रोधामुळे त्याला तापू द्यायचे.

आता एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढची सगळी कृती तिच्यावर उभी आहे. तेल वीज वाहत नाही. रेतीचा कणही वाहत नाही. प्रवाह जातो तो कणांभोवती चिकटलेल्या खाऱ्या पाण्याच्या पातळ थरातून. म्हणजे तापवायचे तेल असले तरी सांभाळायचे पाणी. ते सलग राहिले तर प्रयोग चालतो. इलेक्ट्रोडजवळ उकळून उडून गेले की प्रवाह तुटतो आणि मग कितीही व्होल्ट लावा, काही होत नाही.

आधी कागदावर हिशेब

बहुतेक जण सरळ एक लांब नळी घेतात, रेती भरतात आणि दोन टोकांना तारा जोडतात. नळी तापतच नाही. का, ते सच्छिद्र खडकाचा रोध सांगणाऱ्या आर्चीच्या १९४२ च्या नियमाने दोन मिनिटांत कळते.

मीठपाण्याचा विशिष्ट रोध घ्या. तो सच्छिद्रतेमुळे काही पट वाढतो. सुट्या रेतीत सच्छिद्रता, म्हणजे घनफळातला छिद्रांचा वाटा, ०.३८ धरली तर साधारण चौपट. पुढे छिद्रांत पाणी जितके कमी, तितका रोध वर्गाच्या प्रमाणात वाढतो. छिद्रांचा ४० टक्के भाग पाण्याने भरला असेल तर एक भागिले ०.४ चा वर्ग, म्हणजे सव्वासहापट. लिटरला ९ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याचा विशिष्ट रोध २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.६२ ओहम-मीटर असतो. गुणाकार केला की आपल्या तेलकट रेतीचा रोध १५ ओहम-मीटरच्या आसपास येतो.

हीच रेती ५ सेंटिमीटर व्यासाच्या, ३० सेंटिमीटर लांबीच्या नळीत भरली तर टोकापासून टोकापर्यंत सुमारे २३०० ओहम. ४८ व्होल्टला एक वॅट. नळीतली अर्ध्या लिटरहून जास्त रेती एका वॅटने तापणार नाही. तीच रेती रुंद पेटीत भरा: इलेक्ट्रोडमधले अंतर १० सेंटिमीटर, इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ २० गुणिले १० सेंटिमीटर. रोध सुमारे ७५ ओहम, प्रवाह ०.६ अँपिअरच्या थोडा वर, शक्ती ३१ वॅट. भरलेल्या पेटीला एक अंश तापायला साधारण ४.७ किलोज्यूल लागतात. म्हणजे ३० वरून ५५ अंशांवर जायला, उष्णता कुठे गळाली नाही असे धरून, तासाभराहून थोडे जास्त. हे जमण्यासारखे आहे.

व्होल्टेज वाढवून नळी तापवायचा मोह होईल. करू नका. आकार बदलणे फुकट आहे आणि त्याने कुणाला शॉक लागत नाही.

सामान

रेती कन्हानची. नागपुरात बांधकामावर ती सहज मिळते. चाळणीने २५० ते ४२५ मायक्रॉनमधला भाग वेगळा करा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. गाळ राहिला तर पहिल्या फेरीत तो बाहेर पडण्याच्या जाळीवर येऊन बसतो. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवा.

मीठपाणी बनवत बसू नका. मेडिकल चौकातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात नॉर्मल सलाईन मिळते. तिच्यात लिटरला बरोबर ९ ग्रॅम मीठ असते आणि सगळ्या बाटल्या सारख्या. नळाचे किंवा बोअरचे पाणी मात्र अजिबात नको, कारण त्यातले क्षार आठवड्यागणिक बदलतात आणि तुमचा रोधही. सलाईनचा ड्रिप सेटही घ्या. तो पुढे पंपाचे काम करणार आहे.

तेलासाठी फर्नेस ऑईल घ्यावे. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत ज्यांच्याकडे बॉयलर किंवा भट्टी आहे त्यांच्याकडे विभागाचे पत्र घेऊन गेलात तर लिटरभर मिळायला हरकत नसावी. आयएस १५९३ या भारतीय मानकात त्याच्या चार श्रेणी आहेत. एमव्ही-२ श्रेणीची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, ५० अंशांवर जास्तीत जास्त १८० सेंटीस्टोक. अशा तेलाची श्यानता ३० वरून ५५ अंशांवर नेल्यास चौथ्या हिश्श्याहूनही कमी उरते. नेमके आकडे मात्र आपल्या नमुन्यावर रेडवुड किंवा ब्रुकफील्ड उपकरणाने काढा, पाच-सहा तापमानांना. या एका वक्राशिवाय पुढच्या कुठल्याही निष्कर्षाला अर्थ नाही.

या तेलाचा ज्वलनबिंदू, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ६६ अंश असतो. म्हणून आपली लक्ष्मणरेषा ५५ अंश. नागपुरात सेमिनरी हिल्सवर ज्या पेसोचे (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) मुख्यालय आहे, ती संस्था राबवत असलेल्या पेट्रोलियम कायद्यात हे तेल 'क' वर्गात येते, म्हणजे पेट्रोल-रॉकेलपेक्षा पुष्कळ शांत. ते शांतच राहू द्या. दाट वाटते म्हणून त्यात रॉकेल किंवा पेट्रोल मिसळलेत की ज्वलनबिंदू खाली येतो आणि ५५ अंशांची मर्यादा निरर्थक होते.

पेटी जाड पॉलिप्रॉपिलीनची. इलेक्ट्रोडसाठी ३०४ स्टेनलेस स्टीलची जाळी, दोन तुकडे. बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत २४-०-२४ व्होल्टचा, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर मिळतो. त्याची दोन बाहेरची टोके घेतली की ४८ व्होल्ट.

विजेची जोडणी

इथे जरा थांबून वाचा. प्रयोगशाळेत डिमरस्टॅट पडलेला असतो आणि त्याची मूठ फिरवून ४८ व्होल्ट सहज काढता येतात. पण डिमरस्टॅटला एकच गुंडाळी असते. बाहेरच्या तारेचा मुख्य पुरवठ्याशी थेट संबंध राहतो. न्यूट्रल आणि फेज उलटे जोडले गेले असतील तर "४८ व्होल्ट"च्या तारेला हात लावणाऱ्याला जमिनीच्या तुलनेत २३० च्या जवळचा झटका बसतो. डिमरस्टॅट वापरायचाच तर तो ट्रान्सफॉर्मरच्या आधी, कधीही नंतर नाही. क्रम असा: भिंतीचा प्लग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), डिमरस्टॅट, दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर, ३ अँपिअरचा फ्यूज, अँपिअरमीटर, पेटी. आरसीसीबी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची गळती पाहू शकत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर पेटीत हात घालू नका. ओल्या, खारट हाताला ४८ व्होल्ट कमी नाहीत. पेटीवर झाकण हवे आणि झाकण उघडताच पुरवठा तुटेल असा लिमिट स्विच हवा.

तापमापक काचेच्या आवरणातला घ्या. उघडा थर्मोकपल रेतीत खोचला तर तोच प्रवाहाची वाट बनतो, आकडे नाचतात आणि मीटर जळतो. तेल बाहेर काढायची नळीसुद्धा प्लॅस्टिकचीच, नायलॉनच्या जाळीत गुंडाळलेली.

पेटी भरणे

साधारण ३.३ किलो कोरडी रेती परातीत घ्या. तिच्यात आधी ३०० मिलिलिटर सलाईन घालून नीट कालवा, दहा मिनिटे राहू द्या. त्यानंतर ४५० मिलिलिटर तेल, ५० अंशांपर्यंत पाण्याच्या बाथमध्ये कोमट करून, हळूहळू मिसळा. हा क्रम उलटा झाला तर सगळेच बिघडते: आधी तेल लागले की ते कणाला चिकटते, पाण्याचे सुटे थेंब बनतात आणि वाट सलग राहत नाही. रोध दोनशे-तीनशे ओहम दिसला तर बहुधा हेच झालेले असते.

पेटीत दोन्ही इलेक्ट्रोडच्या आतल्या बाजूला एकेक सेंटिमीटर जागा ठेवून तिथे नुसती सलाईनमध्ये भिजलेली स्वच्छ रेती भरा. इलेक्ट्रोडजवळ पाणी आधी आटते, म्हणून हा ओला कप्पा. मधे तेलकट रेती थराथराने, प्रत्येक थर लाकडी ठोकळ्याने दाबत. बाहेर पडायची नळी तळाशी मधोमध. पेटीबाहेर थर्माकोल.

भरून झाल्यावर वजन करा. घातलेल्या वजनांवरून आणि पेटीच्या घनफळावरून सच्छिद्रता आणि पाण्याचा वाटा पुन्हा काढा. थोडी हवा राहतेच. ती हिशेबात दाखवा, लपवू नका.

चालवणे

सुरुवात २४ व्होल्टवर. पाच मिनिटांनी प्रवाह नोंदवून रोध काढा आणि कागदावरच्या ७५ ओहमशी ताडून पाहा. दीडपट-दुप्पट फरक चालेल. दहापट असेल तर तार सैल आहे किंवा मिश्रण चुकले आहे.

मग ४८ वर या. ड्रिप सेटमधून सलाईन सोडा: वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर, तर मिनिटाला चाळीस थेंब. याहून जास्त वेग ठेवला तर थंड पाणी तापवण्यातच वीज संपते. दर पाच मिनिटांना व्होल्ट, अँपिअर, दोन्ही इलेक्ट्रोडजवळचे आणि मधले तापमान लिहा. दर अर्ध्या तासाला निघालेला द्रव मोजपात्रात घ्या. तेल आणि पाणी बऱ्याचदा एकजीव होऊन येते. ते रात्रभर ठेवून वेगळे होते की नाही पाहा, नाही तर डीन-स्टार्क (पाणी उकळून वेगळे करून मोजणारे काचेचे उपकरण) लावा. नुसत्या डोळ्याने "इतके तेल" असे लिहिलेले मी अहवालात मान्य करत नाही.

सगळ्यांत जास्त लक्ष रोधाच्या आलेखावर ठेवा. मीठपाण्याची वाहकता अंशामागे सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पेटी तापत जाईल तसा रोध उतरला पाहिजे आणि प्रवाह चढला पाहिजे. म्हणजे ती आपण होऊन अधिकाधिक वेगाने तापते, ५५ च्या जवळ येताना व्होल्टेज कमी करावे लागते. तापमान चढत असताना रोधही चढू लागला, तर इलेक्ट्रोडपाशी पाणी आटते आहे किंवा वायू साचतो आहे. त्या क्षणी पुरवठा बंद करा, कप्प्यात सलाईन घाला, अर्ध्या तासाने पुन्हा कमी व्होल्टवर सुरू करा. खऱ्या विहिरीतही हाच आजार असतो आणि तिथे झाकण उघडून पाणी घालता येत नाही.

पाच-सहा तास चालू द्या. तेवढ्यात छिद्रांच्या घनफळाइतके पाणी आत गेलेले असते.

तीन पेट्या, एक नव्हे

एका पेटीतून तेल निघाले म्हणून विजेचे श्रेय सिद्ध होत नाही. तेवढेच सलाईन वीज न लावताही सोडा, ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत पेटी बाहेरून, गरम पाण्याच्या बाथने, त्याच तापमानाला न्या, वीज नाही. तिसरी विजेची. पहिली आणि तिसरीतला फरक म्हणजे उष्णता अधिक वीज. दुसरी आणि तिसरीतला फरक म्हणजे खास विजेचे असे जे काही असेल ते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो जवळजवळ शून्य यायला हवा; खूप मोठा आला तर आनंद मानण्याआधी दुसऱ्या फेरीत पेटीचा मधला भाग खरोखर तेवढा तापला होता का ते तपासा.

आणि या तिन्ही फेऱ्या एकाच हंगामात करा. मे महिन्यात नागपूरच्या बिनएसीच्या प्रयोगशाळेत तेल मुळातच चाळिशीत असते, डिसेंबरच्या सकाळी पंधरा-वीस अंशांना. वीज नसलेली फेरी उन्हाळ्यात आणि विजेची हिवाळ्यात झाली तर तुलना कशाशी करणार?

एकदिश (डीसी) प्रवाह लावायचा असेल तर

हे प्रकरण वेगळे आहे आणि मला जास्त रंजक वाटते. एकदिश प्रवाहात उष्णतेखेरीज आणखी दोन गोष्टी घडतात. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे पाणी ऋणाग्राकडे सरकते आणि तेलालाही सोबत ओढू शकते. शिवाय ऋणाग्रापाशी अल्कली तयार होते. तेलात सेंद्रिय आम्ले असतील तर त्यांचा साबण होऊन तेल-पाण्यातला ताण कमी होतो. कॅलिफोर्नियातल्या सांता मारिया खोऱ्यात या तत्त्वावर क्षेत्रीय चाचण्या झालेल्या आहेत.

धुतलेल्या रेतीत पाण्याचे हे सरकणे फारसे दिसत नाही, चिकणमाती लागते. विदर्भात तिचा तुटवडा नाही: काळ्या कापसाच्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट भरपूर असते. वाळवून, दळून, चाळून रेतीत पाच टक्के मिसळा. पाणी सलाईनच ठेवा, गोड्या पाण्यात ही माती फुगून छिद्रे बुजवते. बाहेर पडायची नळी मधून काढून ऋणाग्राच्या बाजूला न्या. पुरवठा ३० व्होल्टचा, प्रयोगशाळेतला नेहमीचा.

धनाग्राला स्टील लावू नका, ते विरघळून रेती तांबूस होते. ग्रॅफाइटची पट्टी लावा. मिठामुळे तिथे क्लोरीन निघतो आणि ऋणाग्राला हायड्रोजन. दोन्ही थोडेच असतात, पण बंद झाकणाखाली साचू देण्याइतके थोडे नव्हेत. ही फेरी फ्यूम हूडमध्येच, झाकणाला वायू जायला वाट ठेवून.

वापरलेली रेती कुठल्याही परिस्थितीत नालीत किंवा कचऱ्यात नको. झाकणाच्या डब्यात भरून विभागाच्या घातक कचऱ्यासोबत द्या.

वीज परवडली का

तिसऱ्या फेरीत एकूण किती वॅट-तास गेले ते काढा आणि पहिल्या फेरीपेक्षा जास्त निघालेल्या तेलाने भागा. समजा सरासरी २५ वॅट सहा तास, म्हणजे १५० वॅट-तास, आणि जास्तीचे तेल ६० मिलिलिटर. मिलिलिटरला अडीच वॅट-तास. एक मिलिलिटर फर्नेस ऑईल जाळून साधारण साडेदहा वॅट-तास उष्णता मिळते, म्हणजे वरवर चौपट फायदा. पण कोराडी-खापरखेड्याच्या संचांत कोळशाच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच विजेत उतरतो. अडीचला तिप्पट करा: साडेसात. फायदा आता जेमतेम उरला आणि पंप, वाहतूक, शुद्धीकरण अजून धरलेलेच नाही. वीज सौर असेल तर हिशेब बदलतो, पण मग रात्री पेटी थंड होते, तेही मांडा.

पेटीतून विहिरीकडे

पेटीत प्रवाह सगळीकडे सारखा असतो. विहिरीभोवती तो पसरत जातो: अंतर दहापट झाले की प्रवाहाची घनता दहावा भाग आणि उष्णता शंभरावा. विहिरीच्या भिंतीपासची रेती उकळत असताना दोन मीटरवर कोमट असते. म्हणून तिथे सतत थोडे मीठपाणी सोडत राहावे लागते आणि प्रवाह वरच्या थरांत पळू नये म्हणून केसिंगचा, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीचा, काही भाग विद्युतरोधक ठेवावा लागतो.

हे सगळे गैरसोयीचे वाटते, पण तेलाचा दाबही विहिरीजवळच सर्वांत जास्त खर्च होतो. विहिरीची त्रिज्या ०.१ मीटर आणि निचऱ्याची, म्हणजे जिथवरचे तेल विहिरीकडे येते तिची, १०० मीटर धरा. गुणोत्तर हजार, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम ६.९; दाबाचा खर्च या लॉगरिदमच्या प्रमाणात होतो. पहिल्या दोन मीटरांचा वाटा त्यात ३.०. तेवढाच पट्टा तापवून श्यानता दहाव्या भागावर आणली तर ३.० चे ०.३ होते, एकूण ६.९ चे ४.२, आणि उत्पादन सुमारे १.६ पट. श्यानता अगदी शून्य झाली असे मानले तरी १.८ पटीच्या पुढे जाता येत नाही.

म्हणून एखाद्या लेखात विजेने उत्पादन पाचपट-दहापट झाल्याचे वाचलेत, तर विहिरीच्या तोंडाशी मेण किंवा डांबरट साका बसला होता का ते आधी शोधा. तसा साका असेल तर त्या दोन मीटरांतच दाबाचा बहुतेक खर्च होत असतो आणि तो वितळला की असे आकडे खरोखर येतात. पेटीत हेही करून पाहता येते: बाहेर पडणाऱ्या नळीभोवती दोन सेंटिमीटर रेतीत पॅराफिन मेण मिसळा, मेण ५० अंशांच्या आसपास वितळणारे निवडा आणि तिन्ही फेऱ्या पुन्हा घ्या.